ब्यूरोच्या मावश्यांना दोन तासांत काय सांगू? (पेशंटचे शेवटचे दिवस आणि आपलं नंतरचं)

गवती चहा

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सिस्टर आहे. ठाण्यात घोडबंदरच्या बाजूला एका खाजगी हॉस्पिटलात, एकोणीस वर्षं झाली. मागच्या वर्षी पॅलिएटिव्ह केअरचा (गंभीर आजारात पेशंटचं दुखणं, त्रास कमी करायची सेवा) छोटा कोर्स केला. ही बातमी कशी कुणास ठाऊक कळव्यातल्या एका महिला मंडळापर्यंत गेली आणि त्यांनी मला धरलं. येत्या रविवारी दुपारी दोन ते चार, पेशंट सांभाळणाऱ्या बायकांसाठी बोलायचंय. ब्यूरोतर्फे बारा-बारा तासांच्या ड्युटीवर जाणाऱ्या मावश्या, दोन-तीन वॉर्डबॉय, काही लेकीसुना. चाळीसेक माणसं. पॅलिएटिव्ह केअरला मराठीत उपशामक सेवा म्हणतात. तो शब्द मंडळाच्या फळ्यावर लिहिला तर एकही बाई यायची नाही, म्हणून 'पेशंटची काळजी आणि आपली पण' असं लिहायला सांगितलंय.

हे डोक्यात का घोळतंय ते सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. फुप्फुसाचा कॅन्सर, शेवटचा टप्पा. घरी पाच महिने त्यांचं सगळं करणारी ब्यूरोची मावशी हॉस्पिटलातही सोबत होती. पहाटे साडेचारला आजोबा गेले. मुलगा, सून, मुलगी आले. आम्ही खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, पडदा ओढून दिला. सहाच्या सुमाराला मी लिनन बघायला जिन्याने उतरले तर मधल्या वळणावर मावशी बसलेली. मांडीवर आजोबांची कानटोपी. तिची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. मला बघून दचकलीच. "जाते हां सिस्टर, पाचच मिनिटं बसले." जशी काही चोरी पकडली. तेवढ्यात फोन आला, ब्यूरोचा. "पेशंट एक्स्पायर ना? मग उद्यापासून नेरूळ. आठ ते आठ. लकव्याच्या बाई आहेत." ती "बरं" म्हणाली, टोपी माझ्या हातात दिली आणि गेली.

त्या मावशीला मी काहीच बोलले नाही. एकोणीस वर्षांच्या सिस्टरला दोन शब्द सुचले नाहीत.

तर मंडळी, ज्यांनी घरी कुणाचं केलंय त्यांनी सांगा, तुम्हाला आधी कुणी काय सांगायला हवं होतं? आणि हॉस्पिटलातले कुणी असाल तर पेशंट गेल्यावर तुम्ही स्वतःचं काय करता?

---

ट्रान्सहार्बर

सिस्टर, बरं झालं विचारलंत. ऐरोलीला राहतो. आईला अंडाशयाचा कॅन्सर होता. ट्रीटमेंट थांबल्यानंतरचे चार महिने घरी काढले.

पहिली गोष्ट, मॉर्फिन. परळहून गोळ्या आणल्या तेव्हा घरात महाभारत झालं. मामा म्हणाले, मॉर्फिन म्हणजे शेवट, आणि सवय लागेल. सत्तरीच्या, दुखण्याने रात्रभर पलंगाची दांडी धरून बसणाऱ्या बाईला सवय लागेल! पण मीही घाबरलोच होतो, खोटं कशाला बोलू. गोळीच्या वेळा सकाळी सहा, दहा, दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्ये उठावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, "आज भाजी कुठली?" तेव्हा कळलं की कित्येक आठवडे तिने दुखण्याशिवाय दुसरा विषयच काढला नव्हता.

कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे पोट साफ न होणं. गोळीबरोबर रेचक रोज चालू ठेवायचं असतं, हे आम्हाला आठव्या दिवशी कळलं. त्या आठ दिवसांत आईचे जे हाल झाले ते कॅन्सरने नाही, आमच्या अज्ञानाने झाले.

दुसरी गोष्ट कागदांची. आई पहाटे तीनला घरीच गेली, तिची तशीच इच्छा होती. मग सर्टिफिकेट कोण देणार? एका डॉक्टरने, मी पेशंट बघितलाच नाही म्हणून नकार दिला, दुसऱ्याने फोन उचलला नाही. तिसरे सकाळी सातला आले. घरी मृत्यू झाला तर ज्यांनी शेवटी उपचार केले ते डॉक्टर कारणाचं प्रमाणपत्र देतात (नमुना ४ अ), त्याशिवाय स्मशानात अडतं. नोंदणी २१ दिवसांत करायची असते. म्हणून जवळच्या एखाद्या डॉक्टरला आधीच घरी बोलावून फाइल दाखवून ठेवा. अभद्र बोलणं वाटतं, पण चार तास आईला ठेवून फोन फिरवत बसणं जास्त अभद्र आहे.

तिसरं माझं स्वतःचं. फोनमधले ते पाच अलार्म मी नंतर काढले नाहीत. ऑफिसात दोन वाजता वाजायचा, मी बंद करायचो. बाजूच्याला वाटायचं जेवणाचा आहे.

---

सोनकी

वाचताना घशात आलं. वाचनखूण साठवली.

---

डॉ. अर्धी रात्र

ट्रान्सहार्बर, तुमच्या मामांसारखे मामा प्रत्येक घरात असतात, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांतही असतात. नार्कोटिक्सचा १९८५चा कायदा आला तेव्हा परवान्यांचं इतकं जंजाळ झालं की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. डॉक्टरांच्या पिढ्या ते लिहून न देताच निवृत्त झाल्या. २०१४ला दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. भीती मात्र कायद्याने जात नाही. गुंगी साधारण पहिले दोन-तीन दिवस असते, मग कमी होते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, रेचक हवंच. दुखण्याच्या मापाने, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही.

सिस्टर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी रेसिडेंट आहे, कुठे ते विचारू नका. पहिल्या वर्षी एका मुलाला त्याचे वडील गेल्याचं मी लिफ्टसमोर सांगितलं. माझं वाक्य अर्ध्यात असताना लिफ्ट उघडली, लिफ्टमन म्हणाला, "वर जाणार, वर जाणार." तो मुलगा लिफ्टमध्ये शिरला. वर कशाला? त्यालाही माहीत नव्हतं.

एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत मला गुडघ्याच्या सगळ्या लिगामेंट्स शिकवल्या, हे वाक्य कसं बोलायचं ते नाही. २०१९पासूनच्या बॅचना संवाद आणि वृत्तीचा वेगळा अभ्यासक्रम आहे. माझी बॅच एका वर्षाने हुकली. नंतर स्वतः वाचून शिकलो. वाईट बातमी सांगायची सहा पायऱ्यांची एक पद्धत आहे, २००० साली प्रसिद्ध झालेली, स्पाइक्स म्हणतात. त्यातलं एकच लक्षात ठेवलं तरी पुरे: आपण बोलण्याआधी समोरच्याला विचारायचं, "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय? तुम्हाला काय वाटतंय?" दहातल्या सात वेळा त्यांना कळलेलं असतं. आपण फक्त बसायचं असतं. आणि अक्षरशः बसायचं, खुर्चीवर. उभ्याने नाही.

स्वतःचं काय करतो? बहुतेक वेळा चहा पितो आणि पुढची ॲडमिशन घेतो.

---

कोकणी फणस

थोडं विरोधी बोलतो, हलके घ्या.

हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे. आपल्याकडे माणूस गेला की दहा दिवस सुतक, चूल पेटत नाही, शेजारी पिठलंभात आणतात, दहाव्याला पिंड, तेराव्याला गोडाचं, वर्षाने श्राद्ध. पूर्वजांनी दुःखाचं वेळापत्रक करून ठेवलंय. आता त्यालाही कोर्स आणि कौन्सेलर? उद्या रडायलाही सर्टिफिकेट मागाल.

---

गवती चहा

फणसदादा, तेरा दिवस मलाही पटतात. वडील गेले तेव्हा मला त्यांनीच सावरलं. पण जिन्यावरच्या मावशीला सुतक कुठलं? ती त्या घरची नाही. तिला दहावा नाही, पिठलंभात नाही. आठ वाजता नेरूळ आहे.

आणि बाहेरून आलेलं म्हणाल तर, सिसिली साँडर्स बाईंनी १९६७ला लंडनमध्ये पहिलं आधुनिक हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणारं ठिकाण) काढलं, हे खरं. त्या आधी नर्स होत्या (आमच्या जातीच्या!), मग समाजसेविका, मग पार डॉक्टर झाल्या. कारण वेदना नुसती शरीराची नसते, पैशाची, मनाची, देवाशी भांडणाची पण असते, हे नर्सने सांगितलं तर कोण ऐकणार? पण आपल्याकडेही वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६पासून आहे, देशातलं पहिलं. आणि कालिकतला १९९३मध्ये डॉ. राजगोपाल वगैरे मंडळींनी उपशामक सेवेचं जे काम सुरू केलं, त्यातून पुढे शेजारपाजारचे लोकच शिकून घरोघरी जायला लागले. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी. केरळ सरकारने २००८ला त्याचं धोरण केलं. तुमच्या पिठलंभाताला शिक्षणाची जोड दिली, एवढंच.

---

नौपाडाकर

वय ७४. बँकेतून निवृत्त. फणसरावांशी मी अर्धा सहमत आहे, अर्ध्यासाठी लिहितोय.

आधी एक दुरुस्ती. सगळे कॅन्सरबद्दल बोलताहेत. आमच्या हिला पार्किन्सन्स होता, सहा वर्षं. त्यातली शेवटची दोन अंथरुणात. या पॅलिएटिव्हचं नाव आम्हाला एकाही डॉक्टरने काढलं नाही, कारण 'ते कॅन्सरवाल्यांसाठी'. ते तसं नाही हे मला हिच्या वर्षश्राद्धानंतर एका लेखात वाचून कळलं. किडनी, हृदय, लकवा, विस्मरण, सगळ्यांसाठी आहे. आणि शेवटच्या आठवड्यातच नव्हे, आजाराच्या सुरुवातीपासून, औषधोपचार चालू असतानाच.

आता जेवणाबद्दल, कारण आमच्या घरात सर्वांत मोठं भांडण त्यावरून झालं. शेवटचे पंधरा दिवस ही खाईना. मी पेज भरवायचो, तिला ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी मी "एक चमचा माझ्यासाठी" म्हणत बसायचो. मुलगा तिकडून व्हिडिओवर ओरडायचा, नळी घाला. शेवटी एका सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, खात नाहीत म्हणून त्या जात नाहीयेत. जाताहेत म्हणून खात नाहीयेत." हे वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या चमच्याचा छळ केला नसता. मग त्याच सिस्टरने ओल्या कापसाने ओठ आणि तोंड कसं ओलसर ठेवायचं ते दाखवलं. ते काम माझं झालं. दर तासाला. हाताला काम मिळालं.

फणसराव, तेरा दिवस ठीक. पण चौदाव्या दिवसापासून काय? दिवसभर माणसं यायची आणि प्रत्येक जण दारातच "सुटल्या बिचाऱ्या" म्हणायचा. पंचवीस जणांनी मोजून. त्या सुटल्या, मान्य. मी कुठे सुटलो? सहा वर्षं ज्याच्या दिवसाचं वेळापत्रक औषधांवर चाललं त्या माणसाला सकाळी सात वाजता उठून करायला काही नसतं, याबद्दल गरुडपुराणात काही सापडलं नाही.

---

कोकणी फणस

काका, तुमच्यापुढे बोलत नाही. माझे वडील अजून आहेत, त्यामुळे मी नुसतं शहाणपण बोलत होतो. चालू द्या.

---

कळव्याची पोर

मी इथे कधी लिहीत नाही. माझी आई ब्यूरोत आहे. चौदा वर्षं झाली. आता तिला विचारून लिहितेय, ती बाजूला तांदूळ निवडतेय.

ती पेशंटची नावं विसरते. पण तिला ते काय मागायचे ते आठवतं. 'ताकवाले आजोबा', 'कुल्फीवाले साहेब', 'कैरीच्या आजी'. ताकवाले आजोबा वर्तकनगरला होते. डॉक्टरांनी ताक बंद केलेलं, आजोबा रोज मागायचे. शेवटच्या आठवड्यात आईने दोन चमचे दिलं, सुनेने बघितलं आणि खूप बोलली. दोन दिवसांनी आजोबा गेले. आईला अजून वाटतं की ताकामुळे. दहा वर्षं झाली असतील. मी तिला काल हा धागा वाचून दाखवला तेव्हा तिने हे पहिल्यांदा सांगितलं.

डॉक्टर, ताकामुळे झालं असेल का हो?

दुसरं म्हणजे माणूस गेला की घरची माणसं हात लावायला घाबरतात. मग आंघोळ घालणं, डोळे मिटवणं, हनुवटी बांधणं आईच करते. मग तिला पगाराचा हिशोब देतात. काही घरं चांगली असतात, जास्त देतात. उरलेले डायपर पण देतात, पुढच्या पेशंटला होतील म्हणून. आई म्हणते, "त्यांचं चुकत नाही गं, त्यांना सुचत नाही."

---

डॉ. अर्धी रात्र

ताई, आईला सांगा, अजिबात नाही. ज्यांना आठवड्याभरात जायचंच होतं त्यांना दोन चमचे ताकाने काही झालं नाही. गिळता येत असेल, ठसका लागत नसेल, तर शेवटच्या दिवसांत आवडीचं चवीपुरतं देणं हीच योग्य शुश्रूषा आहे. ताक बंद करणं हा उपचार होता, आणि उपचार थांबल्यावर ते पथ्य उठवायला आम्ही विसरलो. चूक आमच्याकडची आहे, आईची नाही. हे मी डॉक्टर म्हणून लिहितोय, समजूत घालायला नाही.

---

कळव्याची पोर

वाचून दाखवलं. काही बोलली नाही. तांदूळ परत निवडतेय, निवडून झालेलेच.

---

पाचवी खिडकी

वाशीला समुपदेशक आहे. या धाग्यावर सल्ला द्यायला संकोच वाटतोय, पण दोन-तीन गैरसमज रविवारच्या आधी काढून टाकते.

दुःखाच्या 'पाच पायऱ्या' (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) सांगू नका. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ला त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. माझ्याकडे लोक येतात आणि विचारतात, "मॅडम, मला राग आलाच नाही, माझं काही चुकतंय का?" पायऱ्या नसतात, भरती-ओहोटी असते. स्ट्रोब आणि शुट या दोघा अभ्यासकांनी १९९९ला हेच नीट मांडलं: माणूस कधी दुःखात असतो, कधी लाइट बिल भरण्यात, आणि ही ये-जा म्हणजेच सावरणं. सासू जाऊन महिना झाला नाही आणि सून सिरियल बघून हसते, तर ती निर्दय नाही.

जिन्यावरच्या मावशीच्या दुःखालाही अभ्यासात नाव आहे. केनेथ डोका यांनी मांडलेली कल्पना आहे, ज्या दुःखाला समाज हक्कच देत नाही ते दुःख. ब्यूरोच्या मावश्या, सिस्टर्स, घटस्फोटित बायको, पोटातलं बाळ गेलेली आई. त्यावर औषध फारसं अवघड नाही: कुणीतरी म्हणावं लागतं की, "तुझंही माणूस गेलं."

मदत कधी घ्यायची? सहा महिन्यांहून अधिक काळ उलटला तरी तीव्रता तशीच आहे, रोजची कामं होत नाहीत, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. आजारांच्या जागतिक वर्गीकरणात आता याची स्वतंत्र नोंद आहे. आणि मरणाचे विचार येत असतील तर सहा महिने थांबायचं नाही, लगेच. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. हा एक आकडा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.

आणि घरात लहान मुलं असतील तर 'आजी झोपली' सांगू नका. मूल झोपायला घाबरतं. माझ्याकडे तशी दोन आलेली आहेत.

---

सरळसोट

अवांतर: लिव्हिंग विल (शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं) आपल्याकडे चालतं का? आमच्या सोसायटीत कुणी म्हणतं बेकायदा आहे.

---

काळा कोट ठाणे

चालतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला मान्यता दिली, पण प्रक्रिया इतकी किचकट होती की कुणी वाटेला गेलं नाही. जानेवारी २०२३मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही. तुमच्या वतीने कोण निर्णय घेईल त्यांची नावं लिहा. प्रत्यक्ष वेळ आली की हॉस्पिटलात डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात. हे इंजेक्शन देऊन मारणं नव्हे, ते बेकायदाच आहे. निरर्थक यंत्रं न लावण्याबद्दल आहे. पुढचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे सिस्टरांचा विषय चालू आहे.

---

ट्रान्सहार्बर

सिस्टर, एक राहिलं. शेवटच्या रात्री आईच्या घशातून घरघर आवाज येत होता. आम्हाला वाटलं गुदमरतेय. अँब्युलन्स बोलावली, बायकोने थांबवली. त्या आवाजाबद्दल नक्की सांगा.

---

गवती चहा

सांगणारच. (इतरांसाठी: शेवटच्या तासांत माणूस थुंकी गिळू शकत नाही, ती घशात साचते, श्वासाबरोबर वाजते. बघणाऱ्याला भयंकर वाटतं. त्या व्यक्तीला बहुतेक वेळा त्याची जाणीव नसते. कुशीवर वळवावं, डोकं थोडं उंच करावं, आणि डॉक्टरांना विचारावं, स्राव कमी करायचं औषध असतं. श्वास मध्येच थांबून परत सुरू होतो, तेही त्यातलंच. बोलत राहावं, ऐकू येत असेल असंच धरून.)

---

नौपाडाकर

आमच्याकडे शेवटची दोन वर्षं जी मुलगी होती तिला आम्ही चौदाव्याला बोलावून साडी दिली, ताट वाढलं. ती कशी आहे ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. काल तिला फोन केला. म्हणाली, "काका, ड्युटीवर आहे, नंतर करते." अजून आलेला नाही. वाट बघतोय असं नाही, नोंद म्हणून लिहिलं.

---

गवती चहा

रविवार झाला. वृत्तांत देते, उशिराबद्दल क्षमस्व, तीन दिवस नाईट होती.

लॅपटॉप नेला होता, स्लाइड्स केल्या होत्या, अगदी मराठीत. मंडळाच्या खोलीत प्लग होता तो पंख्याचा. पंखा बंद करून स्लाइड दाखवा की पंखा चालू ठेवा. कळव्यात, दुपारी दोनला. लॅपटॉप मिटला.

पहिला अर्धा तास हातांनीच झाला. एका मावशीला सतरंजीवर झोपवलं. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, ओढायचं कसं नाही, टाचेखाली उशी कुठे. यातलं बरंच त्याच मला शिकवत होत्या. मग तोंडाची काळजी, घरघर, रेचक, जखमेच्या वासाला डॉक्टर मेट्रोनिडॅझोलची गोळी पूड करून वापरायला सांगतात ते. हे वासाचं ऐकून तिघींनी एकदम "अगंबाई" केलं. आतापर्यंत उदबत्त्या लावत होत्या बिचाऱ्या.

मग मी नुसतं विचारलं, "तुमचा आठवणीतला एक पेशंट सांगा. नाव आठवत नसेल तर काय आवडायचं ते." ही कल्पना कळव्याच्या पोरीच्या आईची, त्यांना आधी विचारलं होतं. त्या पुढेच बसल्या होत्या, त्यांनीच सुरुवात केली. "ताकवाले आजोबा," एवढंच. पुढची म्हणाली, "पेपरातलं कोडं सोडवणारे सर." मग "विडीवाले बाबा. मीच पेटवून द्यायचे, आता ओरडू नका." मग एक वॉर्डबॉय, विशीतला, म्हणाला, "एक लहान मुलगी होती, तिला स्ट्रेचरवरून फेरी मारून हवी असायची," आणि पुढे त्याला बोलता येईना. कुणी त्याला "असू दे, असू दे" म्हणालं नाही. बाजूच्या मावशीने नुसती पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली, झाकण काढून.

प्रत्येकीनंतर आम्ही थोडं गप्प बसत होतो. ती कल्पना अमेरिकेतल्या एका नर्सची आहे, पेशंट गेला की सगळ्या स्टाफने पलंगाभोवती अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं. डॉ. अर्धी रात्र, तुमच्या वॉर्डात करून बघा, चहाच्या आधी. परवानगी वगैरे लागत नाही. मी सोमवारी रात्री आमच्याकडे केलं. नवीन मुलीने विचारलं, "सिस्टर, आपण कशासाठी थांबलोय?" सांगितलं.

मी पण माझं सांगितलं, जिन्याचं आणि कानटोपीचं. टोपी अजून माझ्या लॉकरात आहे, घरच्यांना द्यायची राहून गेली. ब्यूरोला फोन करून त्या मावशीचा नंबर मागितला. नेरूळचं काम संपलंय, आता त्या पनवेलच्या पुढे कुठेतरी आहेत म्हणे.

चार वाजता भजनी मंडळाची वेळ होती. पावणेपाच झाले तरी आमच्या सात-आठ जणी उरल्या होत्या. दारात त्या बायका टाळ घेऊन उभ्या. मी घाईघाईने "आवरतोच हां" म्हटलं, तर त्यांच्यातल्या एक, साठीच्या, चपला काढून आत आल्या, सतरंजीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या. आणि शेवटी माझं पण एक घ्या. सासू होती माझी. तिला आल्याचा चहा लागायचा."